विश्लेषण : साठीनंतर बांधकाम कामगाराच्या हाती काय राहते? पीएफ, मंडळाचे निवृत्तिवेतन आणि पेन्शन योजनांचे गणित

मुंबई-पुण्यातील एखाद्या मोठ्या गृहप्रकल्पाचे काम तीन-चार वर्षे चालते. पाया खोदणारे, सळई बांधणारे, सेंट्रिंगवाले, गवंडी, फरशीवाले, रंगारी, बिगारी अशा टोळ्या तिथे येतात आणि काम संपले की पुढच्या साइटवर निघून जातात. प्रकल्पात किती सिमेंट आणि किती स्टील लागले, याचा हिशेब चोख लागतो. मात्र त्या काळात कामगाराच्या म्हातारपणासाठी किती पैसे जमा व्हायला हवे होते आणि किती झाले, हा हिशेब बहुतेक वेळा अर्धवटच राहतो.

कायद्याने या कामगारासाठी एकापेक्षा जास्त व्यवस्था केल्या आहेत. भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीएफ आहे, कल्याणकारी मंडळ आहे आणि केंद्राच्या पेन्शन योजनाही आहेत. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत बांधकाम कामगारांसाठी निवृत्तिवेतन जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. या सगळ्यातून कामगाराच्या पदरात नेमके काय पडते आणि कुठे अडते, ते समजून घेऊ.

अडचण नेमकी कुठे आहे?

कारखान्यातला कामगार एकाच मालकाकडे वर्षानुवर्षे राहतो. निवृत्तीच्या बहुतेक योजना असाच कामगार डोळ्यांसमोर ठेवून आखल्या गेल्या. बांधकाम कामगाराचे तसे नसते. विकासक काम मुख्य कंत्राटदाराला देतो, तो उपकंत्राटदाराला आणि उपकंत्राटदार मुकादमाला. मजूर येतात ते या मुकादमाबरोबर. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, पश्चिम बंगाल, तसेच मराठवाडा-विदर्भातून आलेला मजूर वर्षभरात दोन-तीन ठिकाणी काम करतो आणि पेरणी किंवा सणासाठी गावी जातो. नाक्यावर उभा राहणारा मजूर तर रोज वेगळ्या माणसाकडे काम करतो.

शिवाय हे काम शरीराच्या बळावर चालते. पन्नाशीनंतर डोक्यावर घमेले घेऊन जिना चढणे किंवा परातीवर उभे राहून काम करणे अवघड होते. निवृत्तीचे वय कागदावर ५८ किंवा ६० असले, तरी अनेकांची कमाई त्याआधीच घटू लागते. त्यामुळे पैसे जमा करण्याची वर्षे कमी आणि पुरवण्याची वर्षे जास्त, असा हा पेच आहे.

पीएफ ठेकेदाराच्या मजुराला लागू होतो का?

हो. बांधकाम उद्योग १९८० पासून पीएफ कायद्याच्या कक्षेत आहे. २० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला हा कायदा लागू होतो. ‘माझ्याकडे रोजंदारीवर आहे’, ‘तीनच महिन्यांसाठी आहे’, ‘मुकादमाचा माणूस आहे’ ही कारणे चालत नाहीत. पात्र कामगार कामाच्या पहिल्या दिवसापासून सदस्य होतो आणि ठेकेदारामार्फत आलेला मजूरही कायद्याच्या व्याख्येत ‘कर्मचारी’च असतो.

ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मुख्य मालकावर येते. तो आधी वर्गणी भरतो आणि ठेकेदाराच्या बिलातून ती वळती करून घेऊ शकतो. म्हणूनच जाणकार कंपन्या पीएफचे चलन पाहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल मंजूर करत नाहीत.

यात एक पळवाट मात्र आहे. ज्याचे पीएफसाठी धरले जाणारे वेतन पहिल्यांदा नोकरीला लागतानाच दरमहा १५ हजार रुपयांपेक्षा जास्त असते आणि जो आधी कधी सदस्य नव्हता, त्याला सदस्य करणे सक्तीचे नाही. रोज ९०० रुपये घेणारा कुशल सळईवाला २६ दिवसांत २३,४०० रुपये कमावतो. त्यामुळे तो या मर्यादेबाहेर ठेवला जाऊ शकतो. जो आधीच सदस्य आहे, त्याला मात्र पगार वाढला म्हणून वगळता येत नाही.

दरमहा किती कापले जाते, किती जमा होते?

रोज ६०० रुपये मजुरी आणि महिन्याला २५ हजेऱ्या धरल्या, तर वेतन होते १५ हजार. त्यातून कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकही १२ टक्के घालतो. मात्र मालकाच्या वाट्याचे दोन भाग पडतात. वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,२५० रुपये, कर्मचारी पेन्शन योजना १९९५ अर्थात ईपीएसमध्ये जातात आणि उरलेले ५५० रुपये पीएफ खात्यात. पेन्शन योजनेत केंद्र सरकारही वेतनाच्या १.१६ टक्के भर घालते.

म्हणजे कामगाराच्या पीएफ खात्यात दरमहा सुमारे २,३५० रुपये पडतात. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. हाच दर आणि हेच वेतन कायम धरून १५ वर्षे पैसे हातही न लावता ठेवले, तर भरणा होतो ४ लाख २३ हजारांचा आणि खात्यात साठतात साधारण ८ लाख रुपये.

आता दुसरे चित्र. तोच कामगार दर तीन वर्षांनी साइट बदलताना खाते रिकामे करतो. प्रत्येक वेळी त्याला साधारण ९५ हजार रुपये मिळतात. पाच वेळा मिळून पावणेपाच लाखांच्या आसपास. मधल्या काळात हा पैसा लग्न, आजारपण, घराचे छत यात खर्च होतो. गरज खरीच असते, पण सव्वातीन लाखांचे व्याज हातचे जाते. त्याहून मोठे नुकसान पेन्शनचे होते.

दहा वर्षांची अट एवढी महत्त्वाची का?

ईपीएसमधून मासिक पेन्शन मिळण्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. ही १० वर्षे एकाच मालकाकडे व्हायला हवीत असे नाही. दहा ठेकेदारांकडे एकेक वर्ष केले तरी चालते, फक्त ती सगळी सेवा एकाच यूएएनखाली जोडलेली हवी. यूएएन म्हणजे पीएफचा १२ अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक. ही पद्धत २०१४ पासून सुरू आहे. मालक बदलला तरी क्रमांक बदलत नाही.

पेन्शनचे सूत्र सोपे आहे. पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. १५ हजार वेतन आणि १० वर्षे सेवा असेल तर दरमहा सुमारे २,१४३ रुपये. १५ वर्षे असेल तर सुमारे ३,२१४ रुपये. २० वर्षे किंवा त्याहून अधिक सेवा करून ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षे वाढवून मिळतात, म्हणजे २० ची २२ धरली जातात आणि पेन्शन सुमारे ४,७१४ रुपये होते.

पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. १० वर्षे भरलेली असतील तर पन्नाशीनंतर लवकर पेन्शनही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के कपात होते. शरीर थकल्यामुळे ५४ व्या वर्षी काम सोडणाऱ्या गवंड्यासाठी ही तरतूद उपयोगाची आहे.

१० वर्षे पूर्ण नसताना पेन्शनचे पैसे काढून घेतले, तर ती सेवा मोजणीतून जाते. त्याऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ घेता येते. त्या कागदावर झालेली सेवा नोंदवलेली राहते आणि पुढच्या नोकरीत जोडली जाते. साइटवर हा पर्याय क्वचितच कोणी सांगते.

कामगार दगावला तर?

परातीवरून पडणे, दरड कोसळणे, विजेचा धक्का हे धोके या धंद्यात रोजचे आहेत. म्हणून पीएफकडे फक्त म्हातारपणाची बचत म्हणून पाहणे अपुरे ठरते. पेन्शन योजनेत एका महिन्याची वर्गणी जमा झालेली असली, तरी नोकरीत असताना मृत्यू झाल्यास पत्नीला विधवा पेन्शन मिळू शकते आणि दोन मुलांना २५ वर्षे वयापर्यंत पेन्शन मिळते. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० वर्षांची अट लागत नाही. याशिवाय पीएफशी जोडलेल्या विमा योजनेतून वारसाला कमाल ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. या विम्यासाठी कामगाराच्या मजुरीतून काहीही कापले जात नाही.

म्हणजे ज्या मजुराचे नाव पीएफच्या यादीत घातलेच नाही, त्याच्या कुटुंबाचे नुकसान अपघाताच्या दिवशीच सुरू होते.

मग खाती अर्धवट का राहतात?

पहिले कारण, नोंदच होत नाही. हजेरीपत्रकावर ४० माणसे आणि पीएफच्या विवरणपत्रात १५, असे प्रकार घडतात. दुसरे, नावाचा घोळ. आधारवर एक स्पेलिंग आणि ठेकेदाराने भरलेले दुसरे, अशा वेळी पैसे जमा असूनही काढता येत नाहीत. तिसरे, प्रत्येक ठेकेदार जुना क्रमांक न विचारता नवा यूएएन काढतो आणि एका माणसाची सेवा तीन-चार क्रमांकांत विखुरते. मोबाइलचे सिम बदलले की ओटीपी येत नाही, ही चौथी अडचण.

पाचवे कारण कामगाराच्या बाजूने येते. महिन्याचे १,८०० रुपये म्हणजे त्याची तीन दिवसांची मजुरी. घरभाडे, गावी पाठवायचे पैसे आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची कपात झाल्यावर हातात कमीच उरते. ‘पीएफ नको, रोख द्या’ असे कामगार स्वतःच म्हणतो आणि ठेकेदाराला ते सोयीचे पडते. मात्र कामगाराच्या संमतीने कायद्याची जबाबदारी टळत नाही.

मजुरीतून पीएफ कापला पण भरला नाही, तर प्रकरण अधिक गंभीर होते. कापलेली रक्कम ही विश्वासाने सोपवलेली रक्कम मानली जाते आणि ती न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. त्याशिवाय थकबाकीवर १२ टक्के व्याज आणि वेगळा दंड लागतो.

मंडळाचे निवृत्तिवेतन किती?

ज्यांना पीएफ मिळत नाही अशा नाक्यावरच्या आणि छोट्या कामांवरच्या मजुरांसाठी दुसरी व्यवस्था आहे, ती महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची. मुळात १९९६ च्या केंद्रीय कायद्याने अशी मंडळे राज्योराज्यी निर्माण झाली. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो आणि तो मंडळाकडे जमा होतो. १० कोटींच्या प्रकल्पावर १० लाख रुपये उपकर बसतो.

१८ ते ६० वयोगटातील आणि मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामाचे काम केलेला कामगार मंडळात नोंद करू शकतो. शुल्क नाममात्र, १ रुपया आहे. त्यासाठी एजंटला शेकडो रुपये देण्याची गरज नाही. नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

६० वर्षे पूर्ण केलेल्यांना निवृत्तिवेतन देणे हे काम १९९६ च्या कायद्यातच मंडळांना नेमून दिले होते. महाराष्ट्रात त्याला ठोस रूप आले ते जून २०२५ मध्ये. त्यानुसार १० वर्षे नोंदणी असलेल्याला वर्षाला ६ हजार, १५ वर्षे असलेल्याला ९ हजार आणि २० वर्षे असलेल्याला १२ हजार रुपये मिळतील. महिन्याच्या हिशेबात अनुक्रमे ५००, ७५० आणि १ हजार रुपये. इतर वैधानिक योजनांचा लाभ घेणाऱ्यांनी अर्ज करण्यापूर्वी शासन निर्णयातील अटी नीट पाहाव्यात.

या टप्प्यांकडे बारकाईने पाहायला हवे. राज्याचे नियम २००७ मध्ये आले आणि कामगार, मालक व सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ २०११ मध्ये आकाराला आले. म्हणजे २० वर्षांची नोंदणी पूर्ण झालेला कामगार २०२७ च्या आधी सापडणेच शक्य नाही. जो ६० वर्षांचा झाला आहे आणि ज्याने चाळीस वर्षे भिंती बांधल्या, त्याची मोजली जाणारी वर्षे मात्र नोंदणीपासूनचीच आहेत. त्यामुळे नूतनीकरणाचे चुकलेले प्रत्येक वर्ष महागात पडू शकते.

उपकराचा पैसा गेला कुठे?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. बांधकाम कामगारांसाठी केंद्रीय कायद्याची मागणी करणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या याचिकेवर १९ मार्च २०१८ रोजी निकाल लागला. तोपर्यंत देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला होता आणि कामगारांसाठी खर्च झाला होता सुमारे ९,५०० कोटी. न्यायालयाने यावर कठोर शब्दांत नाराजी नोंदवली आणि केंद्राला आदर्श योजना तयार करण्याचे निर्देश दिले.

त्यानंतर मंडळांचा खर्च भांडी, पेट्या, शिष्यवृत्त्या, विवाहासाठी मदत अशा योजनांवर वाढला. या वस्तू आणि मदत उपयोगाची असली, तरी भांड्यांचा संच एकदाच मिळतो आणि निवृत्तिवेतन मरेपर्यंत द्यावे लागते. त्यामुळे मंडळांसमोर खरा प्रश्न आहे तो निधीचा किती भाग दीर्घकालीन निवृत्तिवेतनासाठी बाजूला ठेवायचा, हा.

पीएम-एसवायएम घ्यावी की अटल पेन्शन?

प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन म्हणजे पीएम-एसवायएम ही योजना २०१९ मध्ये असंघटित कामगारांसाठी आली. वय १८ ते ४०, मासिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत. १८ व्या वर्षी दरमहा ५५ रुपये, २९ व्या वर्षी १०० आणि ४० व्या वर्षी २०० रुपये भरावे लागतात. तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते. ६० नंतर दरमहा ३ हजार रुपये पेन्शन आणि मृत्यूनंतर जोडीदाराला त्याच्या निम्मी. मात्र पीएफ, ईएसआयसी किंवा एनपीएसच्या सदस्याला आणि प्राप्तिकर भरणाऱ्याला ही योजना घेता येत नाही.

अटल पेन्शन योजना २०१५ पासून आहे. वयाची अट तीच, १८ ते ४०. पेन्शन १ हजार ते ५ हजारांपर्यंत निवडता येते. ५ हजारांसाठी १८ व्या वर्षी दरमहा २१०, ३० व्या वर्षी ५७७ आणि ४० व्या वर्षी १,४५४ रुपये लागतात. पती किंवा पत्नीला तेवढीच पेन्शन पुढे मिळते आणि दोघांनंतर वारसाला जमा रक्कम, ५ हजारांच्या पर्यायात साधारण साडेआठ लाख. ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांना तिचे दार बंद आहे. पीएफ असणारा कामगार मात्र ती घेऊ शकतो, त्यामुळे आज या साइटवर पीएफ आणि उद्या नाही, अशा कामगाराला ही योजना जास्त सोयीची आहे. पावसाळ्यात काम मंदावते हे लक्षात घेऊन मासिकऐवजी तिमाही किंवा सहामाही हप्ताही निवडता येतो.

दोन्हींत एक मर्यादा सारखी आहे. ठरलेली पेन्शन महागाईनुसार वाढत नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ३० वर्षांनी मिळणाऱ्या ३ हजार रुपयांची किंमत आजच्या सुमारे ५२० रुपयांइतकीच असेल. म्हणून ही पेन्शन पूरक समजावी, तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या कामगाराला या दोन्ही योजना बंद आहेत. त्याच्यापुढे पीएफ, मंडळाची नोंदणी आणि स्वतःची बचत एवढेच उरते.

ई-श्रम कार्ड म्हणजे पेन्शन आहे का?

नाही. हा गैरसमज सर्वाधिक आढळतो. ई-श्रम हा ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेला असंघटित कामगारांचा राष्ट्रीय नोंदणी पट आहे. त्या कार्डावरही १२ अंकी क्रमांक असतो आणि त्यालाही यूएएनच म्हणतात. पीएफचा यूएएन वेगळा आणि ई-श्रमचा वेगळा. ई-श्रम कार्ड काढल्याने पेन्शनचे खाते उघडत नाही. मंडळाचे ओळखपत्र ही तिसरी गोष्ट. तिन्ही कार्डे एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत असली, तरी त्यांची कामे वेगळी आहेत.

नव्या संहितेने काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत पीएफ, ग्रॅच्युइटी, बांधकाम उपकर यांसह नऊ कायदे एकत्र झाले. बांधकाम कामगाराच्या दृष्टीने तीन बदल महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल उपकराचा. स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या घराला पूर्वी १० लाखांपर्यंत सूट होती, ती आता ५० लाखांपर्यंत गेली. घरमालकाला दिलासा मिळाला, पण मंडळाकडे येणारा काही उपकर कमी होणार.

दुसरा ग्रॅच्युइटीचा. पूर्वी एकाच मालकाकडे पाच वर्षे झाली तरच ग्रॅच्युइटी मिळे. बांधकामात तेवढे कोणी टिकत नाही. आता ठरावीक मुदतीच्या लेखी करारावरील कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही ती मिळू शकते. वर्षाला १५ दिवसांचे वेतन हा हिशेब कायम आहे. अट आहे ती लेखी कराराची.

तिसरा बदल त्यालाच जोडलेला. नव्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. आजवर मुकादमाच्या वहीतली हजेरी हाच ज्याचा पुरावा होता, त्याच्यासाठी हा कागद ९० दिवसांच्या दाखल्यापासून ग्रॅच्युइटीपर्यंत सगळीकडे उपयोगी पडेल. अर्थात तो खरोखर हातात पडला तर.

छोट्या ठेकेदाराला हे परवडते का?

१५ हजारांच्या वेतनावर मालकाचा पीएफ वाटा १,८०० रुपये. विमा योजनेचे अर्धा टक्का आणि प्रशासकीय शुल्काचे अर्धा टक्का मिळून आणखी १५०. म्हणजे माणशी १,९५० रुपये. २५ कामगारांचे महिन्याला ४८,७५० रुपये होतात. जो ठेकेदार हा खर्च धरून दर भरतो, तो न धरणाऱ्याच्या तुलनेत महाग दिसतो आणि काम गमावतो. दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत वर्गणी भरायची असते, पण वरून बिल दोन-तीन महिन्यांनी येते. ही ओढाताण खरी आहे.

यावर उपाय काम देणाऱ्याच्या हातात आहे. निविदेतच पीएफचा खर्च वेगळा दाखवायला सांगितला, तर स्पर्धा मजुरीच्या कपातीवर होत नाही. विकासकाने पीएफपुरती रक्कम बिलाची वाट न पाहता सोडली, तर ठेकेदाराला उसने घ्यावे लागत नाही. २० पेक्षा कमी माणसे असलेला ठेकेदारही कामगारांच्या संमतीने स्वेच्छेने पीएफ नोंदणी करू शकतो. सेंट्रिंग आणि सळईच्या कुशल माणसांची टंचाई असताना ‘इथे पीएफ भरतात’ ही ओळख माणसे टिकवायलाही मदत करते.

मालक बदलला तरी पैसा कामगाराबरोबर राहील का?

याचे उत्तर महाराष्ट्राने हमालांसाठी १९६९ मध्येच शोधले होते. माथाडी कायद्यात मंडळ कामगार आणि मालक दोघांची नोंद करते. मालक मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराला मजुरी, पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा देते. मालक कितीही बदलले तरी खाते मंडळाकडे एकच राहते. या व्यवस्थेतही तक्रारी आहेत, पण रोज मालक बदलणाऱ्या माणसाला निवृत्तीची रक्कम देता येते, हे तिने दाखवून दिले.

इतर देशांतही बांधकाम क्षेत्रात असाच मार्ग निघाला. अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानंतर अनेक मालकांनी मिळून चालवायचे पेन्शन फंड रुजले. कामगार या कंत्राटदाराकडून त्या कंत्राटदाराकडे गेला तरी फंड तोच राहतो. ऑस्ट्रेलियात बांधकाम कामगारांसाठी १९८४ मध्ये सुरू झालेला फंड आज ‘सीबस’ नावाने ओळखला जातो. जर्मनीत ‘सोका-बाऊ’ ही संस्था बांधकाम कामगारांच्या रजेचे आणि पेन्शनचे पैसे सांभाळते. खाते कंपनीऐवजी उद्योगाशी बांधलेले असणे, हे या सगळ्यांतले समान सूत्र.

आपल्याकडे यूएएन हे त्या दिशेचे अर्धे पाऊल आहे. क्रमांक कामगाराचा झाला, पण पैसे भरण्याचा निर्णय अजून प्रत्येक ठेकेदाराच्या मर्जीवर चालतो. बांधकाम परवान्याच्या वेळी उपकर वसूल होतो, तशीच भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी साइटवरील कामगारांची पीएफ नोंद तपासली गेली, तर ही मर्जी बरीच कमी होईल.

कामगाराने आज काय तपासावे?

– मजुरीतून ‘पीएफ’ म्हणून काही कापले जाते का, हे मुकादमाला विचारावे. कापले जात असेल तर यूएएन मागावा.

– यूएएनशी जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यास पीएफची शिल्लक आणि शेवटची जमा रक्कम एसएमएसने कळते. दोन महिन्यांत नवी रक्कम दिसली नाही तर पीएफ कार्यालयात तक्रार करता येते.

– नवीन साइटवर जुनाच यूएएन द्यावा. दोन क्रमांक झाले असतील तर जुन्या खात्यातील रक्कम नव्यात वर्ग करून घ्यावी.

– आधार, बँक आणि पीएफ या तिन्ही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का ते पाहावे. वारसाची नोंद करून ठेवावी.

– खाते रिकामे करण्याआधी सेवा किती वर्षे झाली ते मोजावे. आठ-नऊ वर्षे झाली असतील तर पेन्शनचा हिस्सा काढू नये.

– मंडळाच्या नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे. ९० दिवसांचा दाखला काम सुरू असतानाच घ्यावा, कारण साइट संपल्यावर ठेकेदार शोधत फिरावे लागते.

– वय ४० च्या आत असेल तर अटल पेन्शन किंवा पीएम-एसवायएमचा विचार आताच करावा. चाळिसावा वाढदिवस उलटला की हा रस्ता बंद होतो.

यातील बहुतेक कामांना पैसे लागत नाहीत. लागते ती साइटवर सांगणारी एखादी व्यक्ती. पगाराच्या दिवशी हजेरी वाचून दाखवली जाते, तेव्हाच ज्याच्या त्याच्या यूएएनसमोरचा आकडाही वाचून दाखवला, तर कोणाचे पैसे भरले आणि कोणाचे राहिले, हे त्याच संध्याकाळी सगळ्या टोळीला कळेल.